कळ आणि ठसठस

“सॉरी नको, मॅडम. सॉरी म्हणजे माफी. मी काय वाईट केलंय तिचं?”

टेलरकाकू इंग्रजीच्या वर्गाच्या दारातूनच बोलल्या. बाकीचे विद्यार्थी अजून यायचे होते. मॅडमनी वळून त्यांचा चेहरा पाहिला आणि हातातलं डस्टर खाली ठेवलं.

काकूंच्या सुनेचं पोटातलं मूल पाचव्या महिन्यात गेलं होतं. मुलगा तिला विश्रांतीसाठी आज संध्याकाळी आईकडे घेऊन येणार होता. सून परदेशातली. सासू-सुनेत इंग्रजीखेरीज दुसरी भाषा नव्हती, आणि तीही सासूकडे बेताचीच.

लग्नानंतर सुनेनं एक शाल पाठवली होती. इतकी सुंदर शाल इतक्या स्वस्तात मिळाली याचंच काकूंना भारी कौतुक. फोनवर त्या हौसेनं म्हणाल्या, “व्हेरी चीप!” पलीकडे सगळं गप्प. मुलानं अर्थ समजावला तेव्हा काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरी एखादी असती तर तिनं पुन्हा तोंड उघडलं नसतं. काकूंनी साठीत या वर्गात नाव घातलं. दिवसभर शिलाई मशीन चालवायचं आणि संध्याकाळी पहिल्या बाकावर येऊन बसायचं. एकदा मॅडमनी ‘स्लिम’ आणि ‘स्किनी’ यांतला फरक सांगितला, तर काकू म्हणाल्या, “कळलं. गिऱ्हाइकाला स्लिम म्हणायचं, तिच्या नणंदेला स्किनी.” वर्ग पोट धरून हसला होता.

आज काकू हसत नव्हत्या.

“मग ‘पेन’ होतंय का, असं विचारू?”

“ते कळ येते ना, तसं. डॉक्टर विचारतात ते.”

“कळ थांबली असेल हो आता. मला नंतरचं विचारायचंय. आत ठसठसत राहतं ते. कामात असलं की जाणवत नाही. हात रिकामा झाला, की सुरू.”

मॅडम म्हणाल्या, “त्याला ‘एक’ म्हणतात. आपल्या एक-दोनमधल्या एकसारखंच म्हणायचं.”

“आणि ‘हर्ट’?”

“त्यात लागल्याचा, कुणी दुखावल्याचा अर्थ जास्त.”

“तिला कुणी दुखावलेलं नाही. ‘एक’च बरोबर,” काकू म्हणाल्या आणि त्या दिवशी वर्गाला न बसताच घरी गेल्या.

सून आली ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली. मुलगा घडीघडी आत डोकावून विचारी, “पेन?” ती म्हणे, “नो, आय ॲम फाइन.” तेवढ्यानं त्या बिचाऱ्याचा जीव भांड्यात पडे. शेवटी काकूंनीच त्याला पिटाळलं, “जा रे, जरा दूध घेऊन ये.” मग खुर्ची ओढून त्या पलंगाशी बसल्या.

“नो पेन?”

“नो.”

काकूंनी आपल्या छातीवर हात ठेवला. “एक?”

सुनेनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग तिचा चेहरा विस्कटला, “येस” म्हणून ती उशीत तोंड खुपसून रडू लागली. ‘डोन्ट क्राय’ हे वाक्य काकूंना पहिल्या महिन्यापासून पाठ होतं. त्यांनी ते वापरलं नाही. नुसता तिच्या पाठीवर हात ठेवून त्या बसून राहिल्या.

बऱ्याच वेळानं सुनेनं डोळे पुसले. “यू नो, आई,” ती म्हणाली. “हाऊ?”

मुलाच्या आधीची काकूंची दोन बाळंतपणं वाया गेली होती. सासू म्हणाली होती, होईल पुन्हा. नवरा काहीच म्हणाला नव्हता. दोन्ही वेळा आठवड्याच्या आत त्या मशीनवर बसल्या होत्या. नंतर इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, त्यांच्या स्वतःच्या भाषेतसुद्धा.

“बिफोर माय सन,” त्या म्हणाल्या आणि दोन बोटं वर केली. पुढचे शब्द जुळवायला त्यांनी तोंड उघडलं, पण काही केल्या ते जुळेनात.

सून भिंतीकडे सरकली आणि तिनं पलंगावर त्यांना जागा करून दिली.