पहिले माले सांगा

चारुलताने बापाला ते मोटारसायकलवर सांगितलं, त्याच्या पाठीला. समोरासमोर सांगायचं तर दोघांचीही मान वर झाली नसती. शहाद्याहून कॉलेज सुटल्यावर तो तिला घेऊन येत होता. पपईच्या मळ्याजवळ रस्ता मोकळा झाला तशी ती म्हणाली, "पप्पा, मन्हा छातीमा गाठ लागी ऱ्हायनी."

धर्मेंद्रने ब्रेक दाबला नाही की मागे वळून पाहिलं नाही. तशीच गाडी चालवत तो गावाच्या वेशीपर्यंत आला. वेशीजवळ गाडी उभी करून तो खाली बसला. सोळा वर्षांची पोर त्याच्या डोक्यावर सावली धरून उभी राहिली.

चार वर्षांपूर्वी त्याची बायको मोहिनी याच दुखण्याने गेली होती. गेली ती काही न कळता गेली. तिला कॅन्सर आहे हे साऱ्या भावकीला ठाऊक होतं, दूधवाल्यालासुद्धा. ठाऊक नव्हतं ते फक्त तिला. आजाऱ्याला सांगितलं तर तो हाय खातो, असं सगळ्यांचं मत पडलं आणि धर्मेंद्रने ते मुकाट्याने पाळलं. शहाणी माणसं जमली की असे शहाणपणाचे निर्णय होतात. चारुलता तेव्हा बारा वर्षांची होती. खरं काय ते तिला आईच्या माघारी, शाळेतल्या मैत्रिणीकडून कळलं.

म्हणून वेशीवरच तिने अट घातली. "मम्मीले कोनी सांगं नही. जे व्हई ते पहिले माले सांगा."

"सांगसू," धर्मेंद्र म्हणाला.

नंदुरबारच्या बाई डॉक्टर मोकळ्या बोलायच्या. या वयातल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, पण आईला झालं होतं म्हणून तपासून घेऊ, असं त्या थेट चारुलताकडे बघून म्हणाल्या. धर्मेंद्र खिडकीकडे बघत होता. पहिल्यांदा बारीक सुईने गाठीतलं पाणी तपासायला काढलं. तो बाहेर बाकावर बसला. बापाने आत जायचं नसतं हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. आठवड्याने कळलं, नीट काही दिसत नाही, जाड सुईने तुकडा काढावा लागेल, म्हणजे बायोप्सी.

जाड सुईचं नाव ऐकून पोरीचा चेहरा पडला. घरात बाईमाणूस नाही, आणि कुणाला सोबत न्यावं तर संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनीच तोड काढली. "तुम्ही आत या. पडद्याच्या अलीकडे बसा आणि हात तेवढा पलीकडे द्या."

स्टुलावर बसून धर्मेंद्रने पडद्याखालून हात सरकवला. चारूने तो धरला. खटका उडाल्यासारखा आवाज झाला आणि तिची नखं त्याच्या तळव्यात रुतली. पुन्हा खटका. ती रडली नाही. पडद्याच्या अलीकडे बापाचं तोंड मात्र ओलं झालं होतं, आणि तो दुसऱ्या हाताने ते पुसत होता.

रिपोर्टला वेळ होता. पण नंदुरबारच्या त्या दवाखान्यात गावातल्या कुणीतरी त्यांना पाहिलंच, आणि बातमी धर्मेंद्रच्या थोरल्या बहिणीकडे, छबूबाईकडे, सारंगखेड्याला पोचली. खानदेशात कुणाच्या दारावर जायचं, म्हणजे मयताच्या घरी भेटायला जायचं असलं, की बायका गल्लीच्या तोंडापासूनच हेल काढतात. छबूबाई दोन जावांना घेऊन आली, डोक्यावर पदर ओढला आणि सवयीने तिथूनच सुरू झाली.

"मन्ही सोन्यानी बाहुली वं! तूबी मायना मांगे चालनी वं!"

चारुलता चुलीपाशी भाकरी थापत होती. पिठाच्या हातांनीच ती बाहेर आली. तिने रडणाऱ्या बायकांकडे पाहिलंच नाही, बापाकडे पाहिलं.

"रिपोर्ट उना ना, पप्पा? माले सोडीसन बठ्ठासले सांगं तुम्ही." रिपोर्ट आला आणि तिला सोडून सगळ्यांना सांगितला, असंच तिने धरलं.

"नही बेटा, आजून उनाच नही."

"मंग फुई काबर रडी ऱ्हायनी?"

धर्मेंद्र आयुष्यात कधी थोरल्या बहिणीवर ओरडला नव्हता. आता ओरडला. "ताई, पोर जित्ती शे! रिपोर्टबी उना नही!"

छबूबाईचा हेल मध्येच तुटला. ती बिचारी गोंधळली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. भाचीवर जीव होता म्हणूनच ती उन्हातान्हाची आली होती. "बायोप्सी करी ना रे भाऊ?" ती म्हणाली. "मोहिनीनीबी करी व्हती." तिच्या लेखी तो शब्द म्हणजेच तो आजार. चहासुद्धा न घेता बायका परत गेल्या. चारुलता आत जाऊन बसली आणि दोन दिवस बापाशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांचा फोन आला. धर्मेंद्र ओट्यावर होता. ऐकलं आणि त्याला हसू आवरेना. फोन हातात तसाच धरून तो आत धावला.

"चारू, साधी गाठ शे! कॅन्सर नही, काहीच नही!"

चारुलता त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आनंद नाही, काही नाही.

"मम्मीलेबी तुम्ही असंच सांगं व्हतं," ती म्हणाली. "असंच हासीसन."

धर्मेंद्रच्या तोंडावरचं हसू गेलं. शपथ घ्यावी असं त्याच्या ओठांवर आलं. पण शपथा त्याने मोहिनीपाशीही घेतल्या होत्या. त्याने मुकाट्याने डॉक्टरांना पुन्हा फोन लावला, तिच्या हातात दिला आणि दूर जाऊन उभा राहिला. बाईंनी तिला सगळं पुन्हा सांगितलं. साधी गाठ आहे, काढायचीही गरज नाही, सहा महिन्यांनी दाखवायला ये. "हो मॅडम," ती म्हणत होती. "हो मॅडम."

फोन तिने बापाला नेऊन दिला. मग तिने विचारलं, "मम्मीनी तुमले विचारं व्हतं का? खरं सांगा म्हनीसन?"

आता खोटं बोलून कुणाचंच भलं होणार नव्हतं.

"विचारं व्हतं."

"किती येळा?"

"रोज," धर्मेंद्र म्हणाला.

दोन्ही सुयांना न रडलेली पोर तेव्हा रडली, आणि तिला गप्प कर म्हणायचा आपल्याला काही हक्क आहे असं त्याला वाटलं नाही.