राज्यातली तिसरी जागा

धाकटी जाऊ इतिहास शिकवायला लागली आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं, ते वर्ष सरत आलं तरी थांबलं नव्हतं. गंमत म्हणजे ठरवलं होतं दोघींनी मिळूनच. मुलांना शाळेत घालायचं नाही, घरीच शिकवायचं, आणि देवाच्या वचनाला, बायबलला धरून शिकवायचं. थोरलीकडे गणित आणि व्याकरण, धाकटीकडे जगाचा इतिहास. चर्चच्या मंडळीतली आणखी दोन घरं आपापली पोरं घेऊन सामील झाली. इतिहास म्हणजे काय, सनावळ्या. कुणीही शिकवेल, असं थोरलीला तेव्हा वाटलं होतं. तिथंच ती फसली.

धाकटीनं सनावळ्यांना हातच लावला नाही. ती घरी पडदे शिवून द्यायची. अस्तराच्या उरलेल्या कापडाची लांबच लांब पट्टी तिनं बाहेरच्या खोलीच्या तीन भिंतींवर ठोकली. दाराशी उत्पत्ती, चपलांच्या कपाटावर जलप्रलय, सोफ्याच्या वर इस्राएलांचा मिसरमधून निर्गम. पट्टीच्या वरच्या अंगाला शास्त्रातली माणसं, खालच्या अंगाला त्याच काळातले मिसरचे म्हणजे इजिप्तचे, अश्शूरचे, बाबेलचे म्हणजे बॅबिलोनचे राजे. मिसरच्या राजानं, फारोनं, पेंढा द्यायचं बंद केलं तेव्हा विटा पाडताना गुलाम इस्राएलांचे काय हाल झाले ते कळावं म्हणून तिनं पोरांना अख्खी सकाळ चिखलात बसवलं. थोरलीची मुलगी गुडघ्यापर्यंत माखून घरी आली आणि रात्री जेवताना त्या गुलामांना सोडवणाऱ्या मोशेशिवाय दुसरं काही बोलेना.

या मुलीला घरात टकळी म्हणत. दहा वर्षांची होती आणि तोंडाला खळ म्हणून नव्हती. पूर्वी ती आईचं डोकं खायची, आता काकूचे गोडवे गायची. काकू म्हणते असं, काकू म्हणते तसं. आईच्या गणिताला मात्र ही बया जांभया द्यायची. अपूर्णांक शिकवता शिकवता आईचा घसा सुकायचा आणि मुलगी विचारायची, "आज गुरुवार ना? काकूकडे कधी जायचं?" थोरलीला धाकटीचा हेवा वाटे, हेवा वाटतो म्हणून स्वतःचा राग येई, आणि तो रागही ती मनातल्या मनात धाकटीवरच काढी. मुलगी माझी, आणि जीव लावते तिला. दुसरं काही दुखणं नव्हतं.

वर्षाच्या शेवटी एका शनिवारी चर्चचे पाळकसाहेब भिंत बघायला आले. पुढच्या वर्षी मंडळीतल्या सगळ्याच मुलांना इतिहास धाकटीनं शिकवावा, असं त्यांच्या मनात होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. मोठी माणसं जमली. लहान पोरं बिस्किटं घेऊन ओट्यावर गेली. टकळी तेवढी काकूच्या पदराशी उभी राहिली. थोरलीनं तेही पाहिलं.

सगळे कौतुक करत होते. थोरली एकटी भिंतीच्या कडेकडेनं चालत चूक शोधत होती. ज्याला दुसऱ्याचं कुसळ हवंच असतं त्याला ते सापडतंच. दानीएल संदेष्ट्याच्या खाली, बाबेलच्या शेवटच्या राजाच्या जागी, धाकटीनं लिहिलं होतं : नबोनिद.

"हे काय गं?" थोरली म्हणाली. आवाज मुद्दाम मऊ ठेवला होता. "शास्त्रात स्पष्ट लिहिलंय, राजा बेलशस्सर. हा नबोनिद कुठून आणलास? शास्त्र सोडून बाहेरचं शिकवायचं होतं, तर शाळा काय वाईट होत्या?"

पाळकसाहेबांनी चष्मा लावला आणि ते नाव दोनदा वाचलं.

"मलाही हे नीट ठाऊक नाही," ते म्हणाले. मग टकळीकडे वळले. "तू सांग बाळ. काकूनं याबद्दल काय शिकवलं?"

धाकटीचा चेहरा उजळला. तिची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी होती ती. टकळीनं काकूकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं.

"काही नाही शिकवलं," ती म्हणाली.

धाकटीनं तोंड उघडलं, आणि मिटलं. "राहून गेलं असेल सांगायचं," ती म्हणाली आणि चहाचे कप गोळा करायला लागली. पाळकसाहेब म्हणाले, पुढच्या वर्षाचं जरा विचार करून ठरवू. थोरलीला वाटलं, आज कित्येक महिन्यांनी पोटभर श्वास घेतला.

घरी परतताना टकळी आईच्या दोन पावलं मागून चालत होती. कोपऱ्यावर वळल्यावर आईनंच विषय काढला. "बरं झालं खरं बोललीस."

"नबोनिद बेलशस्सराचा बाप होता," टकळी खाली बघत म्हणाली. "खरा राजा तोच. पण तो लांब वाळवंटात जाऊन राहिला आणि कारभार मुलावर टाकला. म्हणून तर बेलशस्सर दानीएलला म्हणतो, भिंतीवर उमटलेली अक्षरं वाचलीस तर राज्यातली तिसरी जागा देईन. पहिली बापाची, दुसरी त्याची स्वतःची. मग उरली तिसरीच ना."

थोरलीनं दानीएलचं पुस्तक लहानपणापासून वाचलं होतं. तिसरीच का, हे तिच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

"हे काकूनं शिकवलं?"

"हो. आम्ही नाटक करून बघितलं. मी बेलशस्सर होते."

"मग तिथे बोलली का नाहीस?"

"तू खोटी पडली असतीस. सगळ्यांसमोर."

वर्षभर थोरलीला हेच हवं होतं, की पोरीनं एकदा तरी काकूला सोडून आपली बाजू घ्यावी. घेतली होती. त्यासाठी पोर पाळकसाहेबांच्या तोंडावर खोटं बोलली होती. आणि धाकटीला सगळं माहीत असून ती चूप बसली, पोरीला खोटं पाडायला नको म्हणून. थोरलीला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्या लाजेतसुद्धा धाकटीच्या चांगुलपणाचा हेवा वाटलाच. जित्याची खोड.

ती मागे वळली.

"कुठे चाललीस?"

"काकूकडे. पाळकसाहेब असतील अजून."

टकळीनं दोन्ही हातांनी तिचा दंड धरला. डोळे भरले होते. "नको ना आई. मग मी खोटी पडेन."

थोरली रस्त्याच्या कडेला उभी राहिली. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं पोरीचं नाक आपल्या पदरानं पुसलं.

"दोघी मिळून पडू," ती म्हणाली. "आधी मी सांगते. तू माझ्या मागे उभी राहा."

दंड सोडून टकळीनं आईचा हात धरला, आणि दोघी आल्या वाटेनं परत निघाल्या.