त्याच नंबरचा बोल्ट

दुकानदाराने रायफल कापडावर आडवी केली, ज्याशिवाय गोळी झाडता येत नाही त्या बोल्टच्या रिकाम्या जागेत करंगळी घालून पाहिली आणि डोळ्याला भिंग लावून नळीजवळचा नंबर वाचला. मग त्याने समोरच्या बाईकडे असं पाहिलं, की आपण काही चोरून आणलंय की काय, असं तिला उगाच वाटलं.

"ही तुमच्याकडे कशी?"

"वडिलांची. फौजेतून निवृत्त होताना मिळाली. परवाना आहे." तिने कागद पुढे केला. "ते गेले गेल्या वर्षी. आता संग्रहालयाला द्यायचीय, पण त्यांना पूर्ण हवी. बोल्ट तेवढा नाही. घर बदलताना हरवला."

इतक्या दुकानांत सांगून हे वाक्य तिला पाठ झालं होतं. कुणी हात जोडले होते, कुणी भंगारात द्या म्हणालं होतं. एकाने दिलेला बोल्ट अर्ध्यातच अडकला. ती दातांची डॉक्टर; दुसऱ्याची कवळी कशी दिसते, हे तिला कुणी सांगायला नको होतं. शेवटी सगळ्यांनी एकच पत्ता दिला: खटकेवाल्यांकडे जा. त्यांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

खटकेवाले भिंग खाली ठेवून आत गेले. बराच वेळ खणांची उघडझाप ऐकू आली. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात तेलकट फडक्याची गुंडाळी होती. त्यातला बोल्ट त्यांनी रायफलीत सरकवला. तो लोण्यासारखा आत गेला.

"नंबर बघा."

दोन्हीकडे तोच नंबर होता.

"म्हणजे आमचाच? तुमच्याकडे कसा आला?"

"एक बाई ठेवून गेल्या होत्या. मी तेव्हा नुकतंच दुकान थाटलं होतं. म्हणाल्या, विकू नका. नवरा मागायला आला तर देऊ नका, आणि उद्या मी आले तरी देऊ नका."

"मग द्यायचा कुणाला?"

"मीही तेच विचारलं. म्हणाल्या, ते गेल्यावर येईल कुणीतरी." खटकेवाले किंचित हसले. "कडेवर एक मुलगी होती. तिने माझा स्क्रू तोंडात घातला. काढताना चावली."

घरी परतताना तिचं डोकं चालेना. आई? जी बँकेतसुद्धा एकटी जात नाही, ती बंदुकीच्या दुकानात? आणि हरवला म्हणून तर बाबा स्वतः सांगायचे. तीच त्यांना चिडवायची, "तुमची सुई हरवत नाही, अन् बोल्ट बरा हरवला!" त्यावर सगळ्यांत मोठ्याने हसायचे तेच. कोण कुणाला फसवत होतं?

आई टेबलाशी मटार सोलत बसली होती. तिने बोल्ट आईसमोर ठेवला. आईने हात पुसले, पण त्याला लावले नाहीत.

"मिळाला वाटतं."

"आई, हे काय आहे?"

"बोल्ट आहे."

"ते मला दिसतंय गं!"

आईने शेंगांची टोपली जवळ ओढली.

"लढाईनंतर फौज सोडून आले, तेव्हा तुझे बाबा मागच्या खोलीत दार लावून बसायचे. मी स्वयंपाक करायचे, पण कान तिकडे. एकदा दार ढकललं, तर रायफल मांडीत उभी, आणि हनुवटी नळीवर टेकलेली." तिने एक शेंग उचलली आणि न सोलताच परत ठेवली. "मला बघून म्हणाले, साफ करतोय. दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेले, तेव्हा मी हा काढून घेतला."

"त्यांना कळलं नाही?"

"फौजी माणूस तो. त्याच दिवशी कळलं असणार."

"मग?"

"मग काय? मी दिवसभर धास्तावलेली, आता विचारतील, मग विचारतील. संध्याकाळी बाहेर आले, तुला मांडीवर घेऊन बसले. बस्स. पुढे घर बदललं, तेव्हा पाहुण्यांपुढे आपणहून म्हणाले, सामानात बोल्ट हरवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

"आणि तुम्ही दोघं यावर कधीच बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? खोलीचं दार लावायचं बंद केलं त्यांनी. मला तेवढं पुरलं."

वाटेत जुळवलेले प्रश्न तिने मनात चाचपून पाहिले. एकही विचारण्यासारखा उरला नव्हता. ती खुर्ची ओढून बसली आणि मटार सोलायला लागली.

"मग संग्रहालयाला देऊ की नको?"

"दे की. एवढी वणवण केलीस." आईने टोपली तिच्याकडे सरकवली. काही शेंगा झाल्यावर आईनेच विचारलं, "तिथे बघायला कोण कोण येतं गं?"

"कुणीही येतं. ज्याला वाटेल तो."

आईचे हात थांबले.

"मग त्यांना म्हणावं, हा वेगळ्या कपाटात ठेवा."