दिवस मावळायच्या आतली पंगत

होस्टेलच्या बाईंनी त्रिशलाला बजावलं होतं, "मागच्या वर्षी नव्या पोरींतल्या दोघी दिवाळीआधीच शिक्षण सोडून गेल्या. यंदा तुझी गेली, तर जाब तुला विचारीन."

सांगलीच्या त्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येकीवर पहिल्या वर्षाची एक मुलगी सोपवत. कुंडलच्या त्रिशलाच्या वाट्याला माण तालुक्यातली सोनिया आली. बाप मेंढरांमागे; घरात दहावीपुढे गेलेली ही पहिलीच.

पहिल्या दिवशी पोरगी रिकामं ताट घेऊन मेसच्या दारातच उभी. त्रिशलाला गलबलून आलं. तिने हाताला धरून तिला आपल्या टेबलावर आणलं. तिथे पाच जैन मुली दिवस मावळायच्या आत जेवायच्या, कांदा-बटाट्याशिवाय. आपल्या पंगतीला बसवलं की माणूस आपलं होतं, हे त्रिशलाच्या घरचं शिक्षण. दुसऱ्या दिवसापासून सोनिया साडेपाचला न चुकता हजर. पोरगी रुळली, असं त्रिशला बाईंना सांगूनही आली. घाईच नडली, दुसरं काय!

पुढे सोनिया बोलेनाशी झाली. खोलीत न बसता जिन्यावर बसायची. तिला पाहून वर्गातल्या मुली गप्प व्हायच्या. त्रिशलाच्या मनात पाल चुकचुकली, पण तिने तिकडे काणाडोळा केला.

एका संध्याकाळी सोनिया जेवायला आलीच नाही. भाकऱ्या थापणाऱ्या सुलाबाईंनी त्रिशलाला बाजूला घेतलं.

"आवं ताई, ती पोरगी तुमच्यातली न्हाई, मग तिला अशी का वायली काढलीसा? समद्या नव्या पोरी आठाला जेवत्यात. वळखी तितंच हुत्यात. ही तवा परत भुकेजून जिन्यात बसती. मी जेवाया हाक मारली, तर म्हनली, ताईस्नी वाईट वाटंल."

त्रिशला धावतच सोनियाच्या खोलीवर गेली. कॉट मोकळी, खुंटीवरची पिशवीही नव्हती. शेजारच्या कॉटवरची शिवांजली पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "आज परीक्षा होती. दोन दिवस अलीकडे घेतली, ते तिला कळलंच नाही. आमच्या ग्रुपवर ती नाही."

"आणि तुम्ही कुणी सांगितलं नाही?"

"तुमच्यातली ना ती? आम्हाला वाटलं, तुम्ही सांगाल."

स्टँडवर सोनियाच्या गावाकडची, दहिवडीची गाडी सुटायच्या बेतात होती. सोनिया खिडकीशी, मांडीवर पिशवी. त्रिशलाला धाप लागली होती, रडूही आवरत नव्हतं.

"सोनिया, उतर. चूक माझी आहे. मी बाईंशी बोलते, परीक्षा परत घ्यायला लावते."

"रडू नगा, ताई. तुमी लय केलंसा माज्यासाठी." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यानेच त्रिशला जास्त घाबरली.

कंडक्टरने घंटी मारली. त्रिशला खिडकीची दांडी धरून गाडीबरोबर चालू लागली.

"परत येशील ना गं आमच्यात?"

सोनियाने तिची बोटं एकेक करून दांडीवरून सोडवली.

"तुमच्यात व्हय, ताई. पर वर्गातल्या पोरी म्हनत्यात, आमच्यात येऊ नगंस."