दोन इंच

आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन सोमवारी होतं आणि शनिवारी ती अडून बसली. अकोल्यातल्या आमच्या घरात सगळी तयारी मी एकटीने केली होती. पलंग खालच्या खोलीत आणला, कमोड बसवला, न्हाणीघरात धरायला दांड्या लावल्या. अडलं ते खुर्चीवर.

फिजिओथेरपिस्ट आकांक्षाने आईच्या जुन्या खुर्चीला टेप लावली. "दोन इंच कमी पडते. यावरून उठताना नव्या गुडघ्यांवर ताण येईल. दुसरी घ्या."

मी लगोलग प्लास्टिकची उंच खुर्ची आणली. आईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"प्रियदर्शनी, मी बाबाच्याच खुर्चीवर बसीन. नाई तं मले ऑपरेशनच नाई करा लागत."

"आई, हट्ट कावून करून राहिली? लहान हायेस का तू?"

बाबा म्हणजे तिचे वडील, देवमन. मूर्तिजापूरकडच्या त्यांच्या गावात चारचौघांसमोर त्यांना कधी खाटेवर बसता आलं नव्हतं. छप्पन्न साली त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि पुढे एका शाळेच्या लिलावातून ही सागवानी खुर्ची डोक्यावर घेऊन सहा मैल चालत आले. लेक अभ्यासाला खुर्चीवरच बसेल, असा त्यांचा हुकूम होता. आई पुढे शिक्षिका झाली, ती त्याच खुर्चीवर बसून शिकून.

हे मी शंभरदा ऐकलं होतं. त्या दिवशी मात्र चिडून खुर्ची माळ्यावर टाकायला उचलली. उलटी केली तर चारही पाय खालून वाकडेतिकडे करवतलेले.

"हे कोनं कापले?"

आईचा आवाज एकदम खाली आला. "बाबानं. मी सात वर्साची. खुर्चीवर बसली का पाय लोंबत, मुंग्या येत. बाबा म्हने, माह्या पोरीचे पाय जमिनीले टेकले पायजे."

माझा राग कुठल्या कुठे गेला. डोळे भरून आले आणि मी ते लपवलेही नाहीत. संध्याकाळी पुंजाजी सुताराला बोलावलं. त्यांनी सागाचेच चार ठोकळे पायांखाली पक्के बसवले. आकांक्षाने पुन्हा टेप लावली आणि हो म्हणाली.

दवाखान्यातून आल्यावर आई वॉकर धरून खुर्चीपाशी आली. हातांवर भार देत सावकाश बसली. मग वाकून आपल्या पायांकडे पाहत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "टेकले."