नेलाचा निळा कोट

आमच्या गावात लग्न लावायचं काम एकोणतीस वर्षं माझ्याकडे होतं. चर्चमधलं नव्हे, नगरपालिकेतलं. आमच्याकडे आधी सरकारी लग्न आणि मग चर्च. पाद्रीबुवांना कितीही घाई असली तरी माझ्या वहीत सह्या झाल्याशिवाय त्यांना तोंड उघडता येत नाही. मी त्यांना अधूनमधून हे ऐकवायचो. त्यांना ते फारसं आवडायचं नाही.

निबंधकाने जोडप्याविषयी चार शब्द बोलायचे, अशी रीत आहे. बाकीचे निबंधक फोनवर माहिती विचारून घेत. मी मात्र दोन्ही घरी जायचो, कॉफी प्यायचो, आयांना बोलतं करायचो. ज्या घरची कॉफी प्यायलो नाही त्या घरचं लग्न लावायचं नाही, हा माझा नियम. गावात थट्टा चालायची की याकोब उभा राहिला की अंगठ्या निघायच्या आधी आयांचे रुमाल निघतात. मला या थट्टेचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

नेला नगरपालिकेत झाडलोट करायची. आम्ही एका वर्गातले, आणि पुढे चर्चमध्ये एका बाकाच्या अंतरावर बसणारे. तिचा नवरा शिंपल्यांच्या बोटीवर होता, तो एका मार्चमध्ये समुद्रातच राहिला. तेव्हा त्यांची मार्लूस सात वर्षांची होती. शाळा सुटली की ती आईकडे येऊन बसायची, म्हणजे खरं तर माझ्याकडेच. लग्न लावताना मी घालायचो ती गळ्याची पांढरी पट्टी स्वतःच्या गळ्यात बांधून लग्नाच्या दालनात दोन झाडू शेजारी शेजारी उभे करायची आणि त्यांचं लग्न लावायची. एकदा मी विचारलं, यातला नवरा कुठला? तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच वेडा. म्हणाली, काका, दोन्ही झाडूच आहेत. मग मला म्हणाली की माझं लग्न तुम्हीच लावायचं. मी हो म्हटलं.

२००१च्या एप्रिलमध्ये कायदा बदलला. पुरुषाचं पुरुषाशी, बाईचं बाईशी लग्न लागू लागलं, जगात सगळ्यात आधी आमच्याच देशात. राजधानीत नाचगाणी झाली. आमच्या समुद्राच्या बांधामागच्या गावात रविवारी सायकलसुद्धा कोणी काढत नाही, तिथे काय होणार? पाद्रीबुवांनी त्या रविवारी प्रवचन इतकं लांबवलं की ऐकताना चघळायला आणलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या संपल्या. नगराध्यक्षांनी मला बोलावून सांगितलं की तुमच्या सदसद्विवेकाला पटत नसेल तर अशा लग्नाला तुम्ही उभे राहू नका, शेजारच्या गावच्या निबंधक विलेमीनबाई येतील. मी म्हटलं, पटत नाही. मी लहानपणापासून जे वाचलं, ज्यावर हात ठेवला, त्यात माझ्यासाठी शंकेला जागा नव्हती. एका वर्तमानपत्राने माझा फोटो छापला. चर्चबाहेर लोकांनी माझा हात हातात घेतला. माझा हक्क सगळ्यांनी जपला, आणि तो जपायलाच हवा होता असं मी आजही म्हणतो. माझं दुखणं वेगळं आहे.

सव्वा वर्षाने मार्लूस आली. बरोबर हिल्डे होती, उंच, लाजरी, शहरातल्या शाळेत गणित शिकवणारी. मार्लूस हसत म्हणाली की काका, दिलेला शब्द आठवतो ना? मी तिला खुर्ची दिली आणि जमणार नाही म्हणून सांगितलं. तुझ्यावर राग नाही, पोरी, तू मला मुलीसारखी आहेस, वगैरे सगळं बोललो. ती ऐकत राहिली. हिल्डेने तिच्या दंडाला हात लावला तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिलं. शेवटी मार्लूस एवढंच म्हणाली की मला वाटलंच होतं, पण विचारायचं तर होतं. सप्टेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी नऊची वेळ ठरली.

आदल्या शुक्रवारी नेला माझ्या खोलीत फरशी पुसायला आली. दार लावून घेतलं, फडका बादलीत टाकला.

"याकोब, तू उभा राहशील?"

मी म्हटलं की विलेमीनबाई येणार आहेत, तुला माहीत आहे.

"मला माहीत आहे. तरी विचारते. तू उभा राहिलास तर मी पहिल्या रांगेत येऊन बसेन. लोक म्हणतील, याकोबला चाललं, मग नेलाने गेलं तर काय बिघडलं. तू नाही राहिलास तर मी एकटी कशी जाऊ? दर रविवारी मला त्याच बाकावर बसायचंय."

"नेला, हे देवासमोरचं आहे."

"माझं पण देवासमोरचंच आहे. त्याच्याशी मी बोलेन. माणसांशी बोलायला मला कोणीतरी बरोबर हवंय."

तिने बजावलं की हे मार्लूसला कळता कामा नये, आईला लेकीच्या लग्नाला यायला दुसऱ्याचा आधार लागतो हे तिला कळू नये. मी तसा शब्द दिला. आणि म्हणालो, "विचार करतो."

हे माझे दोन शब्द. 'नाही' म्हटलं असतं तर ती दिवसभर रडली असती, आणि मग कदाचित रागाच्या भरात एकटीच गेली असती. नेलाला राग आला की ती भल्याभल्यांचं ऐकत नसे. 'हो' म्हटलं असतं तर प्रश्नच नव्हता. मी दोन्ही न करता तिला 'विचार करतो' या शब्दांवर बसवून ठेवलं, आणि विचार केलाच नाही, कारण माझं उत्तर ठरलेलं होतं.

त्याऐवजी मी एक शहाणपणा केला. त्याच संध्याकाळी नेलाकडे कॉफीला गेलो, तिला बोलतं केलं, आणि भाषण लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं. ते विलेमीनबाईंना पाठवलं की वाचा, माझं नाव घेऊ नका. मला वाटलं, मी हात मागे ठेवला, पण माया पुढे पाठवली. बायकोला सांगितलं तर कॉरी म्हणाली, "तुझं मन फार स्वच्छ, याकोब. केर तेवढा दुसऱ्याच्या दारात." मी तिला म्हटलं, बायकांना यातलं कळत नाही. तेहतीस वर्षांच्या संसारात इतकं मूर्ख वाक्य मी दुसरं बोललो नसेन.

मंगळवारी मी खाली माझ्या खोलीत दार लावून बसलो. समोर एकही कागद नव्हता. वर खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, मग विलेमीनबाईंचा आवाज. शब्द कळत नव्हते, पण कुठला परिच्छेद चाललाय ते मला चढउतारावरून कळत होतं. पहिल्या पानावर लोक हसले, झाडूंच्या लग्नाला. दुसऱ्या पानावर ते होतं जे नेलाने मला त्या संध्याकाळी सांगितलं. नवरा गेल्यावर घरात दोघीच. मार्लूस रोज झोपायच्या आधी बापाचे लाकडी बूट हळूच दाराबाहेर नेऊन ठेवायची, रस्त्यावरच्या माणसांना वाटावं घरात बाप्या आहे. आणि सकाळी आई उठायच्या आत परत आत आणायची. वर्षभर. पोरीला वाटायचं की आईला पत्ता नाही. नेला रोज अंथरुणात डोळे मिटून ते ऐकायची, आणि कधी बोलली नाही.

वरचा आवाज थांबला. मग जिन्यावर पावलं वाजली, भराभरा, आणि दार उघडलं. मार्लूस पांढऱ्या सूटमध्ये, हातात ती पानं.

"हे तुम्ही लिहिलंय."

मी हो म्हटलं.

"बुटांचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. हिल्डेलासुद्धा नाही. म्हणजे आईला ठाऊक होतं. आणि तिने ते तुम्हाला सांगितलं, मला नाही."

मी टेबलावरची नसलेली धूळ पुसली.

"काका, वर या. लग्न नका लावू. ते विलेमीनबाई लावतील. तुम्ही फक्त तुमचं लिहिलेलं वाचा. वाचायला कुठला देव अडवतो?"

माझे गुडघे खुर्चीतून उठायला निघाले होते, हे खरं आहे. पण मला वर बसलेली माणसं दिसली, रविवारचा बाक दिसला, वर्तमानपत्रातला माझा फोटो दिसला. देव त्या क्षणी कुठेच नव्हता, तो मी नंतर त्यात घातला. मी म्हटलं, "मला जमणार नाही, मार्लूस."

"मग हे तुमच्याकडेच ठेवा." तिने पानं टेबलावर ठेवली. दारात थांबली. "आई येणार नव्हतीच ना? तिने चर्च निवडलं ना?"

नेलाचं घर सायकलने पाच मिनिटांवर. तेव्हा साडेनऊ वाजत होते. मी नेलाला दिलेला शब्द आठवला, मार्लूसला काही कळू देणार नाही हा. शब्द पाळायची मला त्या दिवशी फारच हौस आली होती. मी मान खाली घातली, आणि तिने त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. मी तो घेऊ दिला.

पुढच्या शुक्रवारी नेला फरशी पुसायला आली. पुसता पुसता, वर न बघता म्हणाली, "मंगळवारी मी कोट घालून बसले होते. दहाचे ठोके पडले तेव्हा काढला." आणि बादली उचलून बाहेर गेली. त्यानंतर ती माझ्याशी हवापाण्याचं बोलायची, रविवारी पेपरमिंट पुढे करायची. आमच्याकडे असंच असतं. भांडण नाही, म्हणून समेटही नाही.

मार्लूस शहरात राहायला गेली. आईच्या वाढदिवसाला एकटी यायची, एक कप कॉफी, एक बिस्कीट, तासाभरात परत. हिल्डेला आणायची नाही. नेला लेकीच्या घरी कधी गेली नाही. बोलावल्याशिवाय कशी जाऊ, असं ती कॉरीला म्हणाली होती. आणि मार्लूसचं म्हणणं, जी लग्नाला आली नाही तिला मी घर काय दाखवू? दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या, आणि त्या दोघींमधली चुकीची गोष्ट माझ्या खिशात होती. नऊ वर्षं मी ती बाळगली. दर वर्षी वाटायचं, आता सांगून काय उपयोग. नवव्या वर्षी फेब्रुवारीत नेला गेली, झोपेत, कोणाला त्रास न देता, जशी ती सगळं करायची.

मृत्यूची नोंदही माझ्याकडेच. मार्लूस स्वतः आली. मी नाव विचारलं, तारीख विचारली, सगळं पाठ असलेलं. कळवणाऱ्याचं नाव लिहिताना तिने तिचं आडनाव सांगितलं, हिल्डेचं आणि तिचं मिळून. मी ते माझ्या हाताने लिहिलं. दोघींची नावं पहिल्यांदा माझ्या हातून एकत्र आली ती नेलाच्या मृत्यूच्या कागदावर.

मग तिने पिशवीतून एक कोट काढला. निळा, आकाशी म्हणावा इतका. बाहीला दुकानाची चिठ्ठी तशीच.

"कपाटात मागे लटकत होता," ती म्हणाली. "आईने जन्मभर काळंच घातलं. खिशात पेपरमिंटची अख्खी पुडी आहे, आणि दोन रुमाल. दोन, काका. हा तिने कशासाठी घेतला असेल, तुम्हाला काही माहीत आहे?"

या वेळी मी सांगितलं. शुक्रवार, बादली, 'विचार करतो', दहाचे ठोके, सगळं. मान वर ठेवून सांगितलं, तेवढंच काय ते बरं केलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि मला ते असावंसं वाटत होतं.

"तुम्ही लग्न लावलं नाहीत, त्याचा मला राग नव्हता," ती शेवटी म्हणाली. "तो तुमचा धर्म. पण नऊ वर्षं मी आईवर रागावले होते. तो राग तुमचा होता."

दाखला घेऊन ती गेली. कोट खुर्चीच्या पाठीवर राहिला. विसरली की ठेवला, मला माहीत नाही.

दफन झाल्यावर मी तो घडी करून शहरात त्यांच्या घरी घेऊन गेलो. दार हिल्डेने उघडलं. केस पिकले होते, लाजरेपणा तसाच. तिने दोन्ही हातांनी कोट घेतला. म्हणाली की मार्लूस पडली आहे, थकलीय. मग जरा बाजूला झाली आणि म्हणाली, "काका, आत या ना. कॉफी ताजीच केली आहे."

मी म्हटलं, "नको, नको, निघतो."

बसच्या थांब्यापर्यंत आलो तेव्हा कळलं मी कुठल्या घरच्या कॉफीला नको म्हणालो ते. परत जाऊन घंटी वाजवायला हवी होती. समोर बस आली, आणि मी चढलो.