डॉक्टरांचं जॅकेट

वेंडेल प्रुइट व्हरमाँटमधले दातांचे डॉक्टर. बर्फावर स्कीइंग करण्यात त्यांची मजल बेताचीच, पण जॅकेटच्या चेनला लोंबणारी, डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टची तिकिटं पाहून नवखा माणूस दबून जायचा. युटा, कोलोरॅडो, कॅनडा, सगळी मिळून सदतीस. दर खेपेला तारेचा नवा आकडा चेनीत अडकवायचा, त्यावर तिकीट दुमडून चिकटवायचं आणि जुनं एकही काढायचं नाही. "ही कमाई आहे," असं ते म्हणत. स्वित्झर्लंडची दोन एका पेशंटनं आणून दिली होती, एवढंच म्हणत नसत.

१९८६ च्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारपर्यंतच त्यांची कंबर धरली. उपाहारगृहात येऊन बसले, पण जीव तिकिटात अडकलेला. पैसे दिवसभराचे भरलेले, अर्धा दिवस वाया जाणार! तेवढ्यात बोस्टनहून त्यांचा मेहुणा रॉस आला. डॉक्टरांचे डोळे चमकले.

"वर जाऊन ये. तिकीट आहे माझं."

"ते तर चिकटलंय. काढलं की फाटणार."

"मग जॅकेटच घाल ना!"

"दाजी, तिकिटावर लिहिलंय, ते दुसऱ्याला देता येणार नाही."

"तिकीट कोण देतंय? मी जॅकेट देतोय."

याच माणसानं सकाळी गाड्यांच्या तळावर, घरी निघालेल्यांकडे तिकीट मागणाऱ्या दोन कॉलेजकुमारांना 'ही चोरी आहे' म्हणून दहा मिनिटं झापलं होतं.

डॉक्टरांची बायको इर्मा शेजारी विणत बसली होती. "त्या जॅकेटात हा दोनदा मावेल," एवढंच ती म्हणाली. रॉस टोपी कानापर्यंत ओढून, चष्मा लावून गेला. डॉक्टरांनी कोको मागवला.

कोको संपतो न संपतो तोच भोंग्यातून आवाज आला. "डॉक्टर वेंडेल प्रुइट यांना उतारावर अपघात झाला आहे. मिसेस प्रुइट यांनी प्रथमोपचाराच्या खोलीत यावं."

इर्मानं सुया खाली ठेवल्या आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"ऊठ. तुला लागलंय."

खोलीत रॉस गुडघा धरून पडला होता; जॅकेटच्या खिशातल्या कार्डावरून सगळ्यांनी त्यालाच डॉक्टर ठरवलं होतं. तिकिटांच्या झुपक्यात चेन अडकून बसली होती, म्हणून पक्कडीनं सगळ्या तारा तोडून तिकिटं एका तसराळ्यात टाकली होती. डॉक्टरांची नजर आधी तसराळ्यावर गेली, मग मेहुण्यावर.

लिफ्टच्या तोंडाशी तिकिटं तपासणारी लोरेटा तिबोदो कमरेवर हात ठेवून उभी होती.

"हे जॅकेट सकाळी मी चारदा वर सोडलं," ती म्हणाली. "तेव्हा आत मिशी होती. आता नाही. तुमच्यापैकी डॉक्टर कोण?"

वेंडेलनी मनात हिशेब केला. 'मी' म्हणावं तर तिकीट वाटून घेतल्याची बोंब गावभर होणार, पेशंट हसणार. त्यांनी रॉसकडे बोट केलं. "हे डॉक्टर. मी यांचा मेहुणा." घाईत स्वतःच्या मिशीचा मात्र विसर पडला.

रॉसचा गुडघा ठणकत होता, तरी चेहरा उजळला.

"हो, मीच डॉक्टर प्रुइट. सकाळी नको नको म्हणत असताना हे माझं जॅकेट चढवून गेले. काय करणार! बायकोकडचा माणूस."

"खरं का हो, बाई?" लोरेटानं विचारलं.

इर्मानं नवऱ्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "फुकटेपणा याच्या रक्तातच आहे. वीस वर्षं बघतेय."

लोरेटानं कपाटातून कॅमेरा काढला आणि डॉक्टरांचा फोटो घेतला.

"नाव?"

"रॉस हॅडली," डॉक्टर म्हणाले.

फोटो तिकिटांच्या खिडकीत लागला. खाली लिहिलं होतं, 'या इसमास तिकीट देऊ नये.' इकडे रॉसला गरम कॉफी मिळाली. स्ट्रेचर उचलणारा हळहळला, "तुमच्यासारख्या सज्जनाला असे नातेवाईक, डॉक्टर!"

"सोसतो झालं," रॉस म्हणाला.

परतताना गाडीत डॉक्टर गरजले, "तू एक शब्द बोलली असतीस तर!"

"बोलले की," इर्मा म्हणाली.

पुढच्या शनिवारी गाडी तिनंच काढली. खिडकीवर जाऊन तिकीट घेतलं आणि नवशिक्यांचा वर्ग कुठे भरतो ते विचारलं. वीस वर्षं या डोंगरावर येऊनही तिला तारेत तिकीट कसं अडकवतात ते ठाऊक नव्हतं. खिडकीतल्या मुलीनं बाहेर येऊन अडकवून दिलं. दुपारपर्यंत इर्मा अकरा वेळा पडली.

डॉक्टर तळावर गाडीत बसून होते. उतरायची सोय नव्हती. एक वाजता काच वाजली. मानेपर्यंत बर्फानं माखलेल्या इर्मानं सँडविच मागून घेतलं, उभ्याउभ्याच खाल्लं, "चारला निघू," म्हणाली आणि परत उताराकडे गेली.